गादीखालची जाळीची मॅट: छोट्या सेलबोटीच्या बर्थसाठी आधी हीच घ्या (सोबत टॉपर, स्प्रिंग आणि ली-क्लॉथबद्दलही)

सरळ मुद्द्यावर येतो. 22 ते 30 फुटांच्या शिडाच्या बोटीत बर्थवर झोप नीट लागत नाही, सकाळी कंबर धरते, अंगाखालचं ओलसर वाटतं, असं असेल तर लगेच नवीन जाड फोमच्या मागे लागू नका. आधी गादीखाली घालायची ती 3डी जाळीची मॅट घ्या. मी लेटेक्स टॉपर (गादीवर टाकायचा पातळ थर), मेमरी फोम, प्लास्टिकच्या स्प्रिंगची सिस्टिम, ली-क्लॉथ (बर्थच्या कडेला बांधायचं कापड, माणूस खाली पडू नये म्हणून) असं बरंच काही वापरून बघितलंय आणि तरीही कुणी विचारलं की पहिली कुठली वस्तू घेऊ, तर माझं उत्तर हीच मॅट. दुसरी ली-क्लॉथ. फोमचा नंबर त्यानंतर. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम लावतात, आधी महागडा फोम घेतात आणि एका सीझनमध्ये तो फोम खालून काळा पडतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण तीन-चार कंपन्यांच्या मॅट हातात घेऊन बघितल्या तर काम सगळ्यांचं एकाच तत्त्वावर चालतं. कडक प्लास्टिकच्या तारांचा गुंता असतो, नूडल्ससारखा, साधारण पाऊण इंच म्हणजे 18-20 मिमी जाड, आणि त्याच्या एका बाजूला हवा जाऊ देणारं पातळ कापड चिकटवलेलं असतं. वजनाला एकदम हलकी, गुंडाळी करून येते, घरातल्या साध्या मोठ्या कात्रीने कापता येते. महत्त्वाचं म्हणजे माणूस वर झोपला तरी ती फारशी दबत नाही, त्यामुळे गादी आणि फळी यांच्यामध्ये हवेची फट रात्रभर तशीच राहते. बस, एवढंच काम आहे तिचं. ती मऊ नाहीये, गादीच्या ऐवजी वापरायची वस्तू नाहीये, नुसतीच अंथरून झोपायला गेलात तर तारा टोचतील. पण गादीखाली गेली की फरक पडतो, आणि हा फरक पहिल्याच रात्री कळतो असं नाही, तो आठवड्याभराने गादी उचलून बघितली की कळतो.

आता का, ते सांगतो, कारण हे समजलं की बाकी सगळी खरेदी शहाणपणाने होते. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सहज पाव लिटरच्या वर पाणी सोडतो, गरम रात्री तर आणखी जास्त. घरात ही वाफ खोलीभर पसरून जाते, बोटीत केबिन केवढीशी, आणि त्यातली बरीचशी वाफ सरळ गादीतून खाली उतरते. खाली काय असतं? प्लायवूडची फळी किंवा फायबरग्लासचा नुसता पत्रा, त्याखाली लॉकर (सामानाचा कप्पा), आणि त्याला लागून हल (बोटीचं बाहेरचं कवच), जो पाण्याखाली असल्यामुळे समुद्राच्याच तापमानाला असतो. केबिनमधली हवा 25 डिग्री आणि आर्द्रता 60 टक्के असेल तर साधारण 17 डिग्रीच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरणार, हे साधं गणित आहे. आणि गादीच्या आतली हवा तर केबिनपेक्षाही दमट असते कारण वर तुम्ही झोपलेले असता. त्यामुळे वाफ फोममधून खाली आली की थंड फळीवर तिचं पाणी होतं आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे ते तिथेच बसतं. म्हणजे बऱ्याचदा लोक ज्याला डेकचं लीकेज समजून सिलंट मारत बसतात ते पाणी डेकवरून आलेलंच नसतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सकाळी उठल्या उठल्या गादी उचला. अंथरूण आवरून, चहा पिऊन मग नाही, लगेच. फळीवर बरोबर दोन ठिकाणी ओल दिसेल, एक खांद्याच्या खाली आणि एक कमरेच्या खाली, कारण तिथे फोम सगळ्यात जास्त दबलेला असतो आणि शरीराची ऊब सगळ्यात जवळ आलेली असते. हात फिरवला की ओला होतो. व्हार्निश असेल तर त्यावर बारीक थेंब, कच्चं प्लाय असेल तर गडद डाग, आणि गादीचं कव्हर उलटं करून बघितलं तर त्याच दोन जागी काळे ठिपके. हे ठिपके बुरशीचे. एकदा कव्हरमधून फोममध्ये शिरले की धुऊन पूर्ण जात नाहीत आणि तो कुबट वास उशीपासून स्लीपिंग बॅगपर्यंत सगळीकडे जातो.

मॅट घातल्यावर माझ्या बर्थवर हे ठिपके वाढायचे थांबले. फळी सकाळी कधी कोरडी, कधी किंचित दमट, पण थेंब नाहीत, आणि दुपारी हॅच (छतावरचं झाकण) उघडं ठेवलं की जे काही असेल तेही वाळून जातं, गादी उचलून उभी करायची रोजची कसरत संपली. थंड पाण्यात आणखी एक फायदा जाणवला, फळीचा गारवा थेट पाठीला येत नाही, मधला हवेचा थर थोडं इन्सुलेशनचं काम करतो. कापडाची बाजू मी वर, गादीकडे ठेवतो, म्हणजे तारांचे टोकेरी तुकडे कव्हरला घासत नाहीत.

तोटे आहेत, तेही सांगतो. मॅटच्या कापलेल्या कडा टोचतात आणि तिथून तारांचे तुकडे सुटतात, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथे) गेले तर पंपाच्या जाळीत अडकू शकतात, म्हणून कापणं बोटीबाहेर करा आणि कडेला कापडी टेप लावून घ्या. दुसरं, सेटीवर, म्हणजे जिथे दिवसा बसतो आणि रात्री झोपतो तिथे, गादी मॅटवर थोडी सरकते. गादीच्या खालच्या बाजूला दोन वेल्क्रोच्या पट्ट्या मारल्या की प्रश्न मिटतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅट म्हणजे फक्त फट, आणि फटीतली हवा हलायला हवी. बर्थच्या चारी बाजूंनी उंच लाकडी पट्टी असेल आणि गादी त्यात घट्ट बसली असेल तर हवा येणार कुठून आणि जाणार कुठून. अशा वेळी मॅट घालूनही ओल राहते आणि लोक मग म्हणतात मॅट बेकार आहे.

त्यासाठी फळीला भोकं पाडावी लागतात. होल-सॉने (गोल भोकं पाडायची करवत) 30-40 मिमीची भोकं, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, कडांपासून आणि बल्कहेडपासून (बोटीतल्या आडव्या भिंतीपासून) लांब. पण ड्रिल हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. खाली पाण्याची किंवा डिझेलची टाकी आहे का, वायर गेली आहे का, हे तर बघाच, पण ती फळी बोटीच्या स्ट्रक्चरचा भाग आहे का हेही बघा. काही बोटींमध्ये बर्थचा वरचा भाग बोटीच्या कवचाला फायबरग्लासने जोडून बसवलेला असतो आणि तो कवच ताठ ठेवतो, तिथे मनाने भोकं पाडू नका, सरळ बोट बांधणाऱ्या माणसाला विचारा. जी झाकणं उचलता येतात त्यांच्यात मात्र बिनधास्त पाडा. आणि भोक पाडलं की आतली कापलेली कड इपॉक्सीने किंवा व्हार्निशने दोन-तीन हात मारून बंद करा, प्लायची उघडी कड ओल पिते आणि मग थर सुटायला लागतात. लॉकरच्या पुढच्या दारालाही जाळी किंवा भोकं असली पाहिजेत, नाहीतर गादीखालची ओल लॉकरमधल्या कपड्यांत गेली एवढाच फरक पडेल.

आता प्लास्टिकच्या स्प्रिंगची सिस्टिम. छोटी छोटी चांदणीच्या आकाराची किंवा गोल स्प्रिंग असतात, एकमेकांत क्लिप करून पूर्ण बर्थभर जाळं तयार करायचं आणि त्यावर गादी. वेगवेगळ्या कडकपणाचे तुकडे मिळतात, म्हणजे खांद्याखाली मऊ आणि कमरेखाली कडक असं लावता येतं, आणि कुशीवर झोपणाऱ्यांना याचा खरंच फरक पडतो कारण खांदा खाली जायला जागा मिळते आणि मणका सरळ राहतो. हवाही खेळते, त्यामुळे हे घेतलं तर जाळीची मॅट वेगळी लागत नाही. मग मी हे पहिल्या नंबरावर का नाही ठेवलं? एक तर किंमत, मॅटच्या कितीतरी पट. दुसरं, व्ही-बर्थच्या (बोटीच्या पुढच्या टोकातला व्ही आकाराचा बर्थ) टोकाला, जिथे दोन्ही बाजू निमुळत्या होत जातात, तिथे गोल तुकडे बसत नाहीत आणि कोपरे पोकळ राहतात, ते फोमच्या तुकड्यांनी भरावे लागतात. तिसरं, उंची. मॅटने पाऊण इंच जातं, स्प्रिंगने त्याहून जास्त, आणि छोट्या बोटीत उंची हीच सगळ्यात महागडी गोष्ट आहे. चौथं म्हणजे फळीवर वाळू किंवा मीठ साचलं की कूस बदलताना कुरकुर आवाज येतो, पाण्याने धुतलं की जातो पण धुवायला सगळं उचलावं लागतं. बोटीवरच आठवडेच्या आठवडे राहणार असाल आणि बर्थ चौकोनी असेल तर जरूर घ्या. शनिवार-रविवारच्या सेलिंगला मॅट पुरते.

उंचीचा मुद्दा निघालाच आहे तर फोमकडे येऊ. जाड गादी म्हणजे आरामदायी गादी हे घरातल्या पलंगाला लागू आहे, बोटीला नाही. क्वार्टर बर्थ घ्या, कॉकपिटखालचा (बोट चालवायला बसतात त्या मागच्या उघड्या जागेखालचा) तो बोगदा. पाय आत, डोकं बाहेर केबिनकडे. तिथे कूस बदलायची तर खांद्याला वर जागा लागते, आपल्या खांद्याची रुंदी जेवढी साधारण तेवढी, म्हणजे दीड फुटाच्या आसपास. तिथे चार इंचांची गादी काढून सहा इंचांची टाकली तर दोन इंच वरून गेले, आणि मग रात्रभर पाठीवर सरळ पडून राहावं लागतं किंवा कूस बदलायला आधी अर्धं बाहेर यावं लागतं. सेटीवर तेच, गादी उंच झाली की बसल्यावर डोकं साइड डेकच्या खालच्या बाजूला लागतं आणि टेबल मांड्यांत घुसतं. म्हणून नवा फोम घ्यायच्या आधी गादीच्या वरून छतापर्यंत टेपने मोजा, आडवं होऊन कूस बदलून बघा, बसून बघा, आणि मगच जाडी ठरवा. बहुतेक छोट्या बोटींत चार इंच पुरेसा आहे, तो चांगल्या प्रतीचा असला म्हणजे झालं.

चांगल्या प्रतीचा म्हणजे काय, इथे दुकानदार हमखास गोंधळ घालतात. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो, त्यावरून फोम किती वर्षं टिकेल ते कळतं. स्वस्तातला 20-24 किलोचा फोम दिसायला छान असतो आणि लवकरच कमरेखाली खड्डा पडतो. बोटीसाठी 40 किंवा त्याच्या वरचा मागा. कडकपणा वेगळा मोजतात, चार इंच जाडीच्या तुकड्यावर 50 चौरस इंचाची गोल चकती दाबून तो एक इंच खाली न्यायला किती पौंड जोर लागतो तो आकडा, आयएलडी म्हणतात त्याला. नुसतं झोपायच्या बर्थला 30-35 च्या आसपास बरा वाटतो, ज्यावर दिवसभर बसायचंही आहे त्याला 40 च्या वर, नाहीतर बसल्यावर बूड थेट फळीला टेकतं. मला सेटीवर जे सगळ्यात आवडलं ते दोन थरांचं सँडविच, खाली अडीच-तीन इंच कडक फोम आणि वर इंच-दीड इंच लेटेक्स, दोन्ही चिकटवलेले. बसायलाही चालतं, झोपायलाही.

लेटेक्सबद्दल माझं मत चांगलं आहे. दाबलं की लगेच परत वर येतं, त्यामुळे कूस बदलताना रुतल्यासारखं होत नाही, आणि थंडी-गरमीत त्याचा स्वभाव बदलत नाही. पण जड असतं. 190 बाय 60 सेंमीची, 10 सेंमी जाडीची गादी 40 डेन्सिटीच्या साध्या फोममध्ये साडेचार किलोच्या आसपास भरते, तीच 75 डेन्सिटीच्या लेटेक्समध्ये साडेआठ किलो, आणि जिच्याखाली लॉकर आहे ती गादी तुम्ही दिवसातून दहा वेळा उचलणार आहात हे लक्षात ठेवा. म्हणून पूर्ण लेटेक्स न घेता टॉपर घेणं जास्त शहाणपणाचं. व्ही-बर्थवर टॉपरचा आणखी एक उपयोग, तिथली गादी तीन तुकड्यांची असते, दोन बाजूंचे आणि मधला भरावाचा त्रिकोणी, त्यांचे सांधे बरोबर बरगडीखाली येतात. वरून एक सलग टॉपर टाकला की सांधे गायब. दिवसा गुंडाळून पुढच्या टोकाला ठेवून द्यायचा.

मेमरी फोम मात्र बोटीत घेऊ नका असंच मी सांगेन. 1966 साली नासाच्या कामातून निघालेली वस्तू आहे, घरात तिचे फायदे असतील, पण तिचा मऊपणा तापमानावर अवलंबून असतो. गार केबिनमध्ये पहिली पंधरा-वीस मिनिटं फळीसारखी कडक लागते आणि उकाड्यात अंगाची ऊब धरून ठेवते, वर घाम, आणि त्या घामाची वाफ पुन्हा खाली. शिवाय बोट हलत असताना तुम्ही पडलेल्या खड्ड्यातच अडकून राहता. क्लोज्ड-सेल (आतले बारीक कप्पे बंद असलेल्या) फोमबद्दलही विचारतात, पाणी पीत नाही म्हणून. कॉकपिटच्या सीटला उत्तम, झोपायला खूपच कडक.

कव्हरच्या कापडावर फार लांबण लावत नाही, पण एक चूक फार बघतो म्हणून लिहितो. पाणी लागेल म्हणून लोक गादीला खालून रेक्झिन किंवा व्हिनाइल लावतात. खालून येणारं पाणी त्याने अडतं खरं, पण वरून उतरणारी वाफही तिथेच अडते आणि फोम आतून भिजत राहतो. मॅट घातली असेल तर खालच्या बाजूला हवा जाऊ देणारं जाळीचं कापड लावा, नाहीतर मॅटचा काही उपयोगच नाही. चेन प्लास्टिकची, तिचा रनरही प्लास्टिकचा, धातूचा रनर खाऱ्या हवेत जाम होतो. फोम कव्हरपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोठा कापायचा म्हणजे कव्हर ताणलेलं राहतं, आणि हलच्या बाजूची कड तिरकी कापायची, कारण बोटीची भिंत सरळ उभी नसते. सरळ कापलेली गादी तिथे एक तर वर उचलली जाते किंवा खाली त्रिकोणी पोकळी सोडते, आणि त्या पोकळीत सगळा कचरा जातो.

आणि मीठ! याकडे कुणी लक्षच देत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याच्याही आधी ओलं होतं. समुद्रावर रात्री आर्द्रता यापेक्षा बऱ्याचदा जास्तच असते. म्हणजे चादरीत, उशीच्या अभ्र्यात, गादीच्या कव्हरमध्ये एकदा मीठ गेलं की ती वस्तू दिवसा वाळते आणि रोज रात्री परत दमट होते, कितीही ऊन दाखवा. उपाय एकच, गोड्या पाण्यात धुणं. म्हणून ओल्या, खाऱ्या कपड्यांनी बर्थवर बसायचंच नाही, पोहून आलात तर पाय पुसून, अंगावर दोन मग गोडं पाणी घेऊन मग आत. हा नियम कडक वाटतो, पण याने झोपेत जेवढा फरक पडतो तेवढा टॉपरनेही पडत नाही.

आता ली-क्लॉथ, माझी दुसऱ्या नंबरची खरेदी. नांगर टाकून झोपायचं असेल तर याची गरज नाही, चालत्या बोटीत झोपायचं असेल तर याच्याशिवाय झोप म्हणजे नुसतं आडवं होणं. बोट 20 अंश कलली की तुमच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश भार बाजूला लागतो, 80 किलोच्या माणसाला सत्तावीस किलो. एवढा भार घेऊन शरीर झोपेतही स्नायू आवळून स्वतःला धरून ठेवतं, आणि माणूस उठतो तो दमलेलाच उठतो. ली-क्लॉथ म्हणजे बर्थच्या उघड्या कडेला उभं बांधायचं मजबूत कापड. खालची कड गादीखालून आत नेऊन लाकडी पट्टीखाली बोल्टने पक्की करायची, नुसत्या छोट्या स्क्रूने नाही, कारण लाटेवर अख्खा माणूस त्यावर येऊन आदळतो. वरच्या कडेला दोन दोऱ्या, त्या छताच्या हँडरेलला किंवा पक्क्या कडीला.

मी वापरतो ते ली-क्लॉथ गादीच्या वर साधारण पन्नास सेंमी येतं आणि लांबीला मीटरभराहून थोडं जास्त, खांद्याच्या जरा खालपासून गुडघ्याच्या वरपर्यंत. डोक्याकडची बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे हवा लागते आणि केबिनमध्ये काय चाललंय ते दिसतं. तयार मिळणारी काही क्लॉथ अगदीच तोकडी असतात, तीस सेंमीचं क्लॉथ म्हणजे लाट आली की त्याच्यावरून खाली पडायची सोय. कापड कॅनव्हास नको, जाड जाळीचं घ्या, कॅनव्हासच्या मागे उकाड्यात जीव गुदमरतो. आणि गाठ! डोक्याकडची दोरी झोपलेल्या माणसाला स्वतःला, एका हाताने, अंधारात, आणि तिच्यावर भार असताना सोडता आली पाहिजे. म्हणजे फासाची गाठ, टोक ओढलं की सुटणारी, किंवा कॅम क्लीट (दोरी दातांत पकडणारा चाप). काही तयार क्लॉथबरोबर साधे स्नॅप हुक येतात, दोरी ताणलेली असताना ते उघडत नाहीत. मी ते काढून टाकले. रात्री कुणी वरून हाक मारली तर आतल्या माणसाला दोन सेकंदांत बाहेर येता आलं पाहिजे, यात तडजोड नको.

एकटं ली-क्लॉथही पुरत नाही, बर्थ अरुंद हवा. मोठा प्रशस्त बर्थ नांगरावर छान, चालत्या बोटीत त्यात माणूस बरणीतल्या शेवटच्या लाडवासारखा इकडून तिकडे होतो. चालत्या बोटीत खांद्याशी 55-60 सेंमी रुंदी बास. बर्थ रुंद असेल तर हलच्या बाजूला उशा, स्लीपिंग बॅगची पिशवी, काहीही कोंबा. आणि झोपायचं बोटीच्या मध्यावर, जितकं खाली तितकं चांगलं, कारण पुढचं टोक लाटेवर सगळ्यात जास्त वर-खाली होतं. व्ही-बर्थ म्हणजे नांगरावरची बेडरूम, चालत्या बोटीत तिथे सामान ठेवा.

आवाजाचं थोडक्यात. हॅल्यार्ड (शीड वर चढवायचे दोर) डोलकाठीवर आपटतात ते झोपायच्या आधी बंजी कॉर्डने (ताणणाऱ्या रबरी दोरीने) शराउडकडे (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेकडे) ओढून बांधा, टिलर (सुकाणूचा दांडा) बांधून ठेवा म्हणजे सुकाणू ठकठक करत नाही. उकाड्यात छोटा 12 व्होल्टचा पंखा अंगावर नको, अंगाच्या वरून हवा जाईल असा लावा, बॅटरी फारशी खात नाही. हॅचला मच्छरदाणी बसवलीत तर हवा बरीच अडते, म्हणून मोठ्या हॅचला जाळी आणि वर वाऱ्याची झोळी (वारा आत वळवणारं कापड) असं एकत्र लावा. आणि थंडीत गारवा नको म्हणून सगळे व्हेंट बंद करून आत स्टोव्ह किंवा हीटर लावून कृपया झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्थजवळ त्याचा अलार्म हवाच, ही वस्तू या सगळ्या लिस्टमध्ये नंबर न देता आधीच घेतलेली असायला पाहिजे.

परत मॅटकडे, घेताना काय बघायचं ते राहिलं. एक, अंगठ्याने जोरात दाबून बघा, सहज चपटी होत असेल तर सोडून द्या, पूर्ण माणसाच्या कमरेखाली ती टिकणार नाही. दोन, कापड चिकटवलेलं आहे की नुसतं वर ठेवलंय ते कोपऱ्यात ओढून बघा. तीन, माप घेताना गादीचं नाही, फळीचं घ्या, आणि व्ही-बर्थचा जुन्या वर्तमानपत्राचा साचा करून त्यावरून कापा, साच्यावर वरची बाजू कुठली ते लिहून ठेवा नाहीतर डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. हलच्या बाजूला मॅट तीन-चार इंच भिंतीवर वर वळवा, कारण गादीची कड थंड हलला टेकते तिथेही तेवढीच ओल धरते आणि स्लीपिंग बॅगची ती बाजू रोज भिजते. उरलेले तुकडे टाकू नका, कपड्यांच्या लॉकरच्या तळाला आणि बाजूला घाला. वर्षातून एकदा बाहेर काढून गोड्या पाण्याच्या पाइपने दोन्ही बाजूंनी धुवायची, उन्हात उभी करायची आणि परत अंथरायची. माझी अजून जशीच्या तशी आहे, कमरेखाली किंचित बसल्यासारखी वाटते म्हणून मागच्या वेळी डोकं-पाय उलटं करून टाकली. पाचपैकी साडेचार.